दोघांनी चालवलेली गाडी

भांडण पेटलं ते पावावरून. ताई पत्र्याच्या भिंतीआड कांदा चिरत होती, तिने अथपासून इतिपर्यंत ऐकलं. भिंतीपलीकडे तिच्या धाकट्या भावाचं गॅरेज. कुणाचाही गिअरबॉक्स कुरकुरला की त्याच्याकडे यायचा, म्हणून सगळे त्याला गिअरवालाच म्हणत. आज समोर त्याचा जिवलग दोस्त, बेकरीवाला. दोघांनाही जुन्या गाड्यांचं वेड. रविवार उजाडला की बेकरीवाल्याची अवजड निळी गाडी, कागदात बांधलेले अंडापाव आणि घाटाचा रस्ता. पोचायचं कुठेच नसायचं, नुसतं जायचं.

"हे तेल कुणी ओतलं?" गिअरवाल्याने निळ्या गाडीच्या बॉक्सचं तेल चिमटीत चोळून पाहिलं. तेल चोळल्याशिवाय तो बोलतच नसे.

"मीच. चांगलं जाड आहे."

"ट्रकच्या मागच्या धुऱ्याचं आहे हे, बैलोबा! आतल्या पितळेच्या रिंगा खाल्ल्या त्याने. बघ, बोटावर चमचम."

"सोनंच की! वहिनीला कुड्या कर."

"आधी बायको तरी मिळू दे! तू पावालाही हेच चोपडतोस ना? तरीच परवा आळी निघाली."

हसणं तिथेच तुटलं. पावात खरंच आळी निघाली होती, आणि ते फक्त दोस्ताला ठाऊक होतं. दारात दोन गिऱ्हाइकं उभी. बेकरीवाल्याने दोस्ताचे केस धरले आणि तोंड मडगार्डवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. दोन दात जमिनीवर पडले. डोळ्यांत रक्त उतरलेल्या गिअरवाल्याने हाताला लागलं ते खाली ओढलं. ते गाडीचं उघडं बॉनेट होतं, आणि त्याच्या काठाखाली बेकरीवाल्याचा डावा हात होता.

वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज ताईने ऐकला. मग किंकाळी. मग बेकरीवाल्याने शांतपणे उच्चारलेले शब्द, "तुझा जीव घेईन मी. ह्याच गाडीत घेईन."

हात वाचला, पण बोटं वळेनात. एका हाताने कणीक मळता येते, गिअर कसा टाकणार? पुढच्या रविवारी जबड्याला फडकं बांधून गिअरवाला निघाला, तशी ताई आडवी आली.

"मेल्या, मरायला निघालास?"

"त्याचा हात मी घालवला, ताई. गिअर कोण टाकणार?"

तो डावीकडे बसला. बेकरीवाला क्लच दाबी, हा गिअर टाकी. सुकाणू एकाचं, दांडा दुसऱ्याचा. अशी गाडी देवानेही पाहिली नसेल. वळणावर बेकरीवाला याच्या बरगडीत कोपर मारायचा आणि हा गिअर टाकताना दांड्याची मूठ त्याच्या गुडघ्यावर आदळायचा. संध्याकाळी दोघेही आपापल्या घरी निळे डाग शेकत बसत.

ताई दुपारी दारात कान देऊन बसायची. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर घुरघुरत यायची. गल्लीच्या तोंडाशी सपाटी लागली की तिसरा पडायचा, आवाज मऊ व्हायचा. तो मऊ आवाज आला की ताई चहाचं आधण ठेवायची, भाऊ तिच्यासाठी राखून आणायचा त्या अंडापावाबरोबर प्यायला.

तिसऱ्या वर्षी बेकरीवाल्याने शब्द खरा करायचं ठरवलं. उतारावर पाय अॅक्सिलरेटरवर दाबून ठेवला आणि गाडी दरीकडे वळवली. क्लचला पाय नाही. गिअरवाल्याने दोन्ही हातांनी दांडा उपसला आणि क्लचशिवायच दुसऱ्यात कोंबला. गिअरच्या ज्या दातांना इतकी वर्षं तेल पाजलं, ते त्याने आपल्याच हाताने फोडले. बॉक्स किंचाळला, चाकं धरली, गाडी कठड्यावर घासत थांबली. मग बेकरीवाल्याने जॅकच्या दांड्याने त्याचं खांद्याचं हाड मोडलं, याने त्याचं नाक फोडलं. दोघे दमून रस्त्यावर बसले. रक्ताने भिजलेला अंडापाव अर्धा अर्धा झाला.

"मीठ कमी आहे," गिअरवाला म्हणाला.

"रक्त लावून खा."

खांदा सांधल्यावर त्याने बॉक्स खोलला, नवे दात बसवले, तेल चिमटीत चोळलं. ताईने कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या रविवारी दोघे पुन्हा निघाले.

दोघांचे केस पिकले. कोपर मऊ झाले, थांबले मात्र नाहीत. ताईची भीती जशीच्या तशी राहिली. हा माणूस शब्दाला जागला तर?

आणि एका रविवारी दुपारी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, सपाटी लागली, तरी तिसरा पडलाच नाही. दुसऱ्यावरच किंचाळत, धापा टाकत ती दारापर्यंत आली.

ताईने कोपऱ्यातला जॅकचा दांडा उचलला. भाऊ डावीकडे बसला होता, मान कलंडलेली. तिने पहिला घाव बेकरीवाल्याच्या खांद्यावर घातला. तो हलला नाही. दुसरा घातला. कपाळ फुटलं.

"मार, ताई," तो म्हणाला. "पण जीव मी नाही घेतला. वरच, उतार लागायच्या आधी, म्हणाला छातीत कळ येतेय. मी म्हटलं थांबतो. तर म्हणाला, क्लच दाब गाढवा, उतार आलाय."

दांडा ताईच्या हातातून गळला. भावाचा हात अजून गिअरच्या मुठीवर होता. गिअर दुसऱ्यात होता, बरोबर बसलेला. आणि मांडीवर, दर रविवारी तो तिच्यासाठी आणायचा तो अंडापाव, कागदात नीट गुंडाळलेला.