तंबोऱ्यावरची शाल

धारवाडला राज्यातल्या कलावंतांचा सत्कार होता. यादीत नाव असलेली माझी गायिका ताई महिन्यापूर्वीच गेली. तिचा सुरात लावलेला तंबोरा मंचावर तिच्या रिकाम्या खुर्चीला टेकवला होता. शेजारी मी बसलो होतो. पलीकडे तिची शिष्या आपला तंबोरा छेडत होती, आणि त्या नादानं ताईच्या तारा कुणी हात न लावता बारीक गुणगुणत होत्या. गेलेलं माणूस एवढंच उरत असावं.

"शाल कुणाला घालायची हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"तंबोऱ्यालाच घाला की सर! त्यांचाच तो," निवेदक गहिवरून म्हणाला.

शाल प्रेमानंच घातली. म्हणून मला 'नको' म्हणता आलं नाही. लोकरीखाली तारा गप्प झाल्या. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या.