आक्कांच्या गाडीचा प्लग

ओवी आणि नील,

आक्का कुणालाही भेटल्या की ‘बरं आहे का?’ असं विचारत नसत. त्यांचा पहिला शब्द ठरलेला होता, ‘कावून?’ म्हणजे ‘का?’ कुणी छत्री घेऊन निघाला तर ‘कावून?’, कुणी चष्मा बदलला तर ‘कावून?’, आणि शेळीनं चारा टाकला तर तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन अगदी मायेनं, ‘कावून गं?’ उत्तर मिळेपर्यंत त्या हलत नसत. शेळीसमोरूनसुद्धा नाही.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. त्या मागच्या उन्हाळ्यात गेल्या तेव्हा तिकडे परदेशात शाळा चालू असल्यानं तुम्हाला येता आलं नाही. तुम्ही त्यांना फोनच्या पडद्यावरच पाहिलंत, आणि तेही बहुतेक वेळा त्यांचा कानच, कारण व्हिडिओ कॉल असला तरी त्या फोन कानाला लावायच्या. म्हणून त्यांच्याबद्दल नीट, क्रमानं लिहून ठेवते आहे.

मी लग्न होऊन केजला आले तेव्हा इंग्रजी शाळेत शिकलेली सून म्हणून मला बघायला आळी लोटली होती. सगळ्या बायका माझ्या साडीकडे बघत होत्या. आक्का पुढे आल्या आणि म्हणाल्या, “इंग्रजीत शेळीला काय म्हणत्यात गं?”

“गोट,” मी म्हणाले.

“आन बोकडाला?”

“तोही गोटच.”

“मंग धार कुणाची काढायची, हे त्यांला कसं कळतंय?” त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मी नवी नवरी असूनही मोठ्यानं हसले. सासूबाईंनी डोळे वटारले. आक्कांनी मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

आक्कांना मूलबाळ नव्हतं. यजमान लवकर गेले आणि त्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी, राहायला आल्या. बरोबर दोनच गोष्टी आणल्या, शेळ्यांची विद्या आणि यजमानांची मोपेड. विताना अडलेली शेळी सोडवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. सिरसाळ्याच्या वाटेवरच्या धनगर वस्त्यांवरून त्यांना फोन यायचे, “आक्का, करडू आडवं आलंय.” की आक्का निघाल्या. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट, आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात प्लग काढायचा पाना. पुढच्या पिशवीत साबण, गोडंतेल आणि स्वच्छ फडकी.

ती मोपेड टू-स्ट्रोक होती. तुमच्याकडे आता तशा गाड्या दिसत नसतील. तिच्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, मागून निळसर धूर निघतो, आणि आवाज असा की आक्का चौकात आल्या की आम्ही स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायचो. ऑइलमुळे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर काजळी धरते, म्हणून तो वरचेवर काढून पुसावा लागतो. त्या गाडीचं दुखणं तो प्लगच होता. आक्का कितीही नीट बसवोत, थोड्याच दिवसांत सैल व्हायचा. गाडी फटफट करायची, दम टाकायची आणि थांबायची.

एकदा मात्र हद्द झाली. आक्का एका वस्तीवर निघाल्या असताना फट्ट असा आवाज होऊन प्लग चक्क उडाला आणि लहान मुलाचा हलणारा दात लोंबावा तसा वायरला लोंबत राहिला. आक्का कडब्याच्या टेम्पोतून घरी आल्या, शेजारी गाडी आडवी. शेळी वाचली होती, पण आक्का वेळेवर न पोचल्यानं करडू गेलं होतं. त्या संध्याकाळी त्या कुणालाही ‘कावून’ म्हणाल्या नाहीत.

तुमचे आजोबा तेव्हा तहसील कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. आक्का त्यांना बापू म्हणायच्या. ते अंगणात उभे राहून म्हणाले, “आक्का, ऐक. पुन्हा एकदा ही रस्त्यात बंद पडली की सरळ भंगारात. मग मी कुणाचं ऐकायचो न्हाई. या वयात बाईमाणसानं एकटं रानामाळात उभं राहायचं म्हंजे काय?”

“चालतंय,” आक्का म्हणाल्या. “एकदा पडली की दे भंगारात. पण तवर मला हुडकू दे, कावून पडती ते.”

गाडी गेली असती तर आक्कांना वस्तीवर जायला कुणाच्या तरी जीपची वाट बघावी लागली असती, आणि अडलेली शेळी जीपची वाट बघत नाही. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

आक्कांनी गाडी उस्मानभाईंच्या गॅरेजवर नेली. मीही गेले होते. उस्मानभाईंनी प्लगच्या भोकात बोट फिरवलं आणि मान हलवली. “आक्का, आटे गेले की पुरे. हे थरथरीनं गेलेलं न्हाई. कुणीतरी गरम इंजिनावर पाना मारतंय.”

“कावून, गरमावर मारलं तर काय व्हतंय?”

“वरचं हेड अल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. गरम झालं की हेड जास्त फुगतंय. तवा जोर लावला की पाना अजून फिरतो, माणसाला वाटतं घट्ट झालं. गार झालं की हेड त्याला आवळून धरतंय, मंग काढताना आटे घेऊनच निघतो. आन ह्या टू-स्ट्रोकला तर चाकाच्या दर फेऱ्याला आग. दुसऱ्या गाड्यांला एक फेरा तरी दम मिळतो. ही तापती बी लई, थरथरती बी लई. आटे ढिल्ले असले की कशाला टिकतो प्लग?”

चाकाच्या नव्हे, इंजिनाच्या दर फेऱ्याला, हे आक्कांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. उस्मानभाई म्हणाले, “तेच की वो!” त्यांनी भोकात नव्या आट्यांची बुश बसवली, प्लगला नवा वायसर घातला आणि बजावलं, की इंजिन गार असतानाच हातानं फिरवत न्यायचा, अडला की पान्यानं अर्ध्या फेऱ्याच्या आत थांबायचं. पुढे एक कणही नाही.

आक्कांचा संशय रस्त्यावरच्या लोकांवर होता. आपल्याकडे बाईची गाडी थांबलेली दिसली की आजूबाजूच्या पुरुषांना राहवत नाही. वाटेतल्या धाब्यापाशी आक्का चहाला थांबल्या की कुणीतरी येणारच, “मावशी, प्लग बघू का? देतो एक पीळ.” दुसरा म्हणायचा, “आरं सरक बे, तुला जमतंय व्हय? मी देतो.” दोघंही पीळ देऊन, हात पुसून, पुण्य केल्यासारखे निघून जायचे. आता आक्कांनी तिथे फर्मानच काढलं. “गाडीला हात लावंल त्याला शेळीच्या बाळंतपणाला घिऊन जाईन. हात कोपरापोतर घालावा लागतोय.” त्यानंतर कुणी जवळ आलं नाही.

तरीही मला एक सुचलं. मला बरण्यांवर खुणा करून ठेवायची सवय आहे, कुठवर तेल होतं ते कळायला. मी तुमच्या आईच्या कपाटातून तिची लग्नाआधीची लाल नेलपॉलिश काढली. बाटलीत अगदी तळाला, घट्ट झालेली. गार इंजिनावर आम्ही एक बारीक रेघ ओढली, अर्धी प्लगवर, अर्धी हेडवर. प्लग फिरला की रेघ तुटणार.

दुसऱ्या दिवशी आक्का वस्तीवर जाऊन कुठेही न थांबता परत आल्या. रेघ काळपटली होती, पण सरळ होती. त्याच्या पुढच्या सकाळी पाहिलं तर रेघ तुटलेली!

आक्का उकिडव्या बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “सुमन, हिकडं ये. रेघ कंच्या बाजूला सरकलीय?”

ती आवळायच्या बाजूला सरकली होती.

“म्हंजे प्लग सैल न्हाई झाला. कुणी तरी आवळला. आन तो घरातच हाय,” आक्का म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. मला तो पाना धरताही येत नव्हता.

त्या संध्याकाळी आक्का बाहेरून आल्या, गाडी अंगणात लावली आणि रोजच्यासारख्या हातपाय धुवायला गेल्या असं दाखवलं. खरं म्हणजे त्या माझ्याबरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीला येऊन उभ्या राहिल्या. दिवेलागणीची वेळ. इंजिन अजून तापलेलं. तुमचे आजोबा बाहेर आले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, बंडीच्या खिशातून स्वतःचा वेगळा पाना काढला, खाली बसले, आणि जिभेचं टोक दातात धरून प्लगला सावकाश, प्रेमानं एक पीळ दिला. मग थोडं थांबून अजून एक.

आक्का दारात गेल्या. “कावून?”

आजोबा दचकले. पाना हातातून पडला. “सैल व्हतो म्हणून.”

“तू आवळतो म्हणून सैल व्हतो, येड्या! उस्मानभाईनं बुश मारली, वायसर बदलला, आन तू रोज तापल्या इंजिनावर बसून त्याचा गळा आवळतो!”

“मी न आवळता तू गेलीस आन रस्त्यात अडकलीस तर?” आजोबा पायरीवर बसले. “तू येईस्तोवर माझा घास खाली उतरत न्हाई, आक्का. मला दुसरं काय येतंय? येवढंच येतंय.”

बघा, म्हणजे एकीकडे गाडी भंगारात काढायला निघालेले आजोबा दुसरीकडे ती बंद पडू नये म्हणून रोज गुपचूप पाना फिरवत होते! मला इतकं हसू आलं की मी आत पळाले. बाहेरूनही आवाज आला. आक्का हसत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या, आणि त्यांच्यामागून आजोबाही.

“आवळायचंच आसंल तर उद्या मागं बस आन मला धर,” आक्का म्हणाल्या.

सकाळी आक्कांनी गार इंजिनावर प्लग काढून पाहिला. आटे शाबूत होते. नवा वायसर घालून त्यांनी तो पुन्हा बसवला. तेवढ्यात एका वस्तीवरून एका बाईचा फोन आला, पहिलटकरीण शेळी अडली होती. आक्कांनी हेल्मेट चढवलं आणि नुसतं आजोबांकडे पाहिलं. आयुष्यभर बाईच्या मागे गाडीवर न बसलेले तुमचे आजोबा धोतर सावरत मागे बसले.

भर बाजारातून गाडी निघाली. तहसीलसमोर त्यांचे जुने सोबती चहा पीत उभे होते. “काय बापूसाहेब, लायसन गेलं काय?” एकानं हाक मारली.

“न्हाई,” आक्का पुढूनच ओरडल्या, “डबल सीट बसाया शिकाया लागलाय!”

पुढचं आजोबांनी मला सांगितलं. चढावर गाडीनं दोन आचके दिले. आजोबा सीटवरून अर्धे उठले, हात आपोआप खिशातल्या पान्याकडे गेला. ही बंद पडली की भंगारात, हे त्यांचेच शब्द त्यांना आठवले आणि ते मनातल्या मनात गाडीलाच विनवू लागले. “खाली बस बे, पेट्रोल सरलंय,” आक्का म्हणाल्या, वाकून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला, आणि गाडी धूर सोडत चढ चढून गेली.

शेळीला जुळी झाली. दुसरं करडू आक्कांनी आजोबांच्याच धोतराच्या सोग्यात दिलं. ते तसंच, ओलं, आजोबांनी पुसून कोरडं केलं. घरी आल्यावर ते सगळ्या आळीला धोतराचा डाग दाखवत फिरले.

त्या संध्याकाळीही गाडी अंगणात तापलेली उभी होती. आजोबा तिच्याजवळ बसून होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आक्कांनी पाहिलं आणि त्या आत गेल्या. सकाळी इंजिन गार झाल्यावर त्यांनी कमरेचा पाना सोडला आणि आजोबांच्या हातात दिला.

“आता बघ.”

आजोबांनी पाना लावला. हलकेच जोर दिला.

“हलत न्हाई, आक्का.”

“मंग सोड की.”