मिठाच्या पाण्याने दुखणं थांबलं तेव्हा

"मिठाच्या पाण्याने दुखणं कसं थांबेल, डॉक्टर?" पाटकर सरांनी विचारलं.

ते आमचे लॅब हेड. प्रश्न रास्त होता. मी प्राण्यांची डॉक्टर. कामतघरच्या टोकाला आमची लॅब आहे. नवी औषधं माणसाला देण्याआधी आम्ही ती उंदरांवर तपासतो.

त्या आठवड्यात शीतल गायकवाडचं कंपाउंड टेबलावर होतं. शीतल आमच्याच लॅबची केमिस्ट, मूळची साताऱ्याकडची. निसर्गात कुठेही नसलेला एक रेणू तिने फ्लास्कमध्ये पायरीपायरीने बांधला होता. नोकरीला लागल्यापासून ती त्याच्याच मागे होती. दुखणं थांबावं, पण झापड येऊ नये, असा तिचा हट्ट.

टेस्ट सोपी असते. हॉट प्लेट म्हणतात. भर उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहावं, तितपत गरम प्लेटवर उंदीर ठेवायचा. त्याने पाय चाटला की लगेच उचलायचा. नाही चाटला तरी ठरलेली सेकंदं संपली की उचलायचाच, भाजू द्यायचं नाही. हा नियम मोडणाऱ्याला मी लॅबबाहेर काढते, मग ते पाटकर सर का असेनात.

एका गटाला औषध टोचायचं, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. पाणीवाले पटकन पाय चाटतात, औषधवाले उशिरा. या दोघांतला फरक म्हणजे औषधाचा गुण.

या वेळी फरकच नव्हता. औषधवाले शांत, आणि पाणीवालेही तसेच शांत.

मी प्लेट तपासली. तापमान बरोबर. इंजेक्शनच्या बाटल्या तपासल्या, अदलाबदल नव्हती. उंदीर त्याच जातीचे, खाणंही तेच.

"फरक नाही म्हणजे औषध नाही," सर म्हणाले. "कंपाउंड मागवणाऱ्या क्लायंटला कळवून टाकतो. दुसरी कंपाउंड्स लायनीत आहेत."

"सर, पाणीवाल्यांनी पाय चाटायलाच हवा. ते गप्प आहेत, गडबड तिथे आहे."

"गडबड शोधायला वेळ कुणाकडे आहे? उद्या एकदा करा रिपीट. मग विषय बंद."

शीतलने जेवणाचा डबा उघडला न् तसाच बंद केला. तिच्यापेक्षा मलाच सरांचा राग जास्त आला, पण सरही चूक नव्हते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही तिघं प्लेटभोवती उभे. मी, शीतल आणि उंदीर सांभाळणारे अंजूर गावचे वामनदादा. पहिला पाणीवाला उंदीर ठेवला. त्याने ठेवल्या ठेवल्या पाय चाटला. दुसऱ्यानेही. तिसऱ्यानेही.

"काल तर ह्ये असं करत न्हवते," वामनदादा म्हणाले.

मग औषधवाला ठेवला. तो आरामात मिशा साफ करत बसला. गुंगी नाही ना, म्हणून त्याला रोटारोडवर सोडला. ही फिरती दांडी असते, झिंगलेला उंदीर तिच्यावरून खाली पडतो. हा पठ्ठ्या मजेत चालत राहिला. शीतलने माझा हात घट्ट धरला.

"पण काल काय झालं होतं?" मी म्हटलं.

"मॅडम, आज ते लूम बंद आहेत का?" शीतलने विचारलं.

"कसले लूम?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की बस. लॅबच्या भिंतीला लागून एक रिकामा गाळा होता. त्यात याच आठवड्यात कापड विणायचे लूम सुरू झाले होते. शुक्रवारी त्यांना सुट्टी. माझा जन्म कामतघरचा, पाळणाच लूमच्या आवाजात हलला. ती खटखट माझ्या कानाला आवाज वाटतच नाही. उंदरांना मात्र ती कानांतून आणि पायांखालूनही छळत होती.

घाबरलेलं शरीर स्वतःच दुखणं दाबतं. आधी जीव वाचव, पाय नंतर बघू, असा त्याचा हिशोब. त्यासाठी मेंदू स्वतःचं औषध तयार करतो. हे मी पुस्तकात शिकले होते. पण खात्री हवी होती.

शनिवारी लूम परत सुरू झाल्यावर मी काही पाणीवाल्यांना नॅलॉक्सोन दिलं. मेंदूतल्या दुखणं थांबवणाऱ्या कुलपांवर हे औषध झाकण घालतं. मग कोणतीच चावी लागत नाही, मेंदूची घरचीही नाही. ते उंदीर लगेच पाय चाटू लागले. ज्यांना ते दिलं नव्हतं, ते पुन्हा गप्प.

मी खुर्चीत बसले. अंगावर काटा आला होता. मुठीत मावेल एवढा जीव, भीतीच्या पोटी स्वतःचं औषध करत होता. शीतलचा रेणूही त्याच कुलपाला लागावा म्हणून बांधलेला. बाईने फ्लास्कमध्ये जे जमवायला उमेदीची वर्षं घातली, ते हा उंदीर न शिकता करत होता. आणि तिलाही ते जमलं होतं, याचं मला तितकंच नवल वाटलं.

सरांना सगळं दाखवलं.

"म्हणजे आपण लूमची टेस्ट घेत होतो?"

"हो सर. लूम पास झाले."

कंपाउंड पुढच्या फेरीला गेलं. तिथे टिकेल की नाही, देव जाणे. उंदरांची खोली आम्ही मागच्या बाजूला हलवली, पिंजऱ्यांखाली जाड रबर घातलं. ते होईपर्यंत हॉट प्लेट फक्त शुक्रवारी.

नवीन मुलं आली की मी त्यांना एवढंच सांगते. उंदीर गप्प आहे म्हणजे त्याचं दुखणं थांबलं, असं लगेच लिहू नका. आधी बघा, तो घाबरलाय का.