पुसलेले पट्टे

सगळे त्याला मामा म्हणत. चौकातल्या स्वतःच्या सलूनमध्ये तो एकोणतीस वर्षं उभा होता. बसायचा तो फक्त जेवायला. हात हलका, तोंड मात्र सुटलेलं. "मान खाली घाला साहेब, डोक्यातलं काही सांडत नाही," म्हणत गिऱ्हाइकाला हसवायचा.

एका दुपारी ब्लेडची पाकिटं आणायला तो रस्ता ओलांडत होता, पांढऱ्या पट्ट्यांवरूनच. अर्ध्यावर पोचला आणि वळणावरून आलेल्या गाडीनं त्याला उडवलं. डाव्या गुडघ्याचा चुरा झाला.

तिसऱ्या दिवशी गाडीवाला फळांची पिशवी घेऊन हॉस्पिटलात आला. मऊ आवाजात म्हणाला, "कोर्टकचेरी कशाला? दवाखान्याचा खर्च मी करतो. इथे एक सही द्या." मामा औषधाच्या गुंगीत होता. बायकोनं कागद वाचला. गाडीवाल्याविरुद्ध काहीच तक्रार नाही, असं त्यात लिहिलं होतं. तिनं कागदाची घडी केली, फळांच्या पिशवीत कोंबली आणि पिशवी त्याच्या हातात परत दिली.

मग तिनंच वकीलबाई शोधली. वकीलबाई म्हणाली, "पायी चालणाऱ्यालाही हक्क आहे. गाडीच्या विमा कंपनीकडून भरपाई मागू. पण पंचनाम्यात लिहिलंय, जागेवर पट्टे आढळले नाहीत."

"रंग उडालाय हो त्यांचा," मामा कळवळून म्हणाला. "नीट बघितलं तर दिसतात."

नीट बघायला कोणी गेलं नाही.

दोन वर्षांनी साक्ष झाली. मामा कुबड्या टेकत पिंजऱ्यात गेला. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "बसून केस कापता येत नाहीत का?"

"येतील की. गिऱ्हाईक जमिनीवर बसणार असेल तर."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. त्या दिवशी मामाला वाटलं, जिंकलो.

निकाल यायला आणखी दीड वर्ष गेलं. भरपाई मंजूर झाली, पण तिसरा हिस्सा कापून. पट्टे नसलेल्या जागी रस्ता ओलांडला, एवढी चूक त्याची स्वतःची.

"म्हणजे गाडीखाली मी थोडासा माझा मीच गेलो?" मामानं विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"वरच्या कोर्टात जाता येईल," वकीलबाई खाली बघत म्हणाली. "तीन-चार वर्षं धरून चला."

मामानं बायकोकडे पाहिलं. साडेतीन वर्षं तीच त्याला अंघोळ घालत होती, जिन्यावरून उतरवत होती. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्याकडे बघून मामानं नको म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सलूनची खुर्ची विकली. दुसऱ्या गल्लीतला न्हावी ती टेम्पोत चढवत होता. मामा दारात कुबड्यांवर उभा होता. "पायाशी दट्ट्या आहे ना, त्याला महिन्यातून एकदा तेल घाल," तो म्हणाला. "नाहीतर माणूस वर राहतो, खाली येत नाही."

न्हाव्यानं मान हलवली. मामा आत गेला आणि भिंतीवरचा आरसा उतरवायला बायकोला हाक मारली.