दुसऱ्या नंबरची किटली

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या आमच्या पार्कात दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटरची रन असते. सगळ्यात शेवटी यायचा मान माझा. तरी फिनिशजवळच्या बाकावर नव्वदीच्या एक आजीबाई लोकरी टोपडं घातलेली चहाची किटली मांडीवर घेऊन थांबलेल्या असतात. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलंय. मी धापा टाकत पोचले की त्या किटलीचं टोपडं काढतात आणि इथल्या लाडाच्या हाकेनं म्हणतात, "ये लव्ह, चहा गरम आहे."

किटली त्यांच्या वडिलांनी जिंकलेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते सायकलच्या कारखान्यात काम करून लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचे. हौशी धावपटूंना पैसे घ्यायला बंदी होती, म्हणून बक्षिसात वस्तू मिळायच्या. पहिल्या नंबराला बहुतेक घड्याळच.

"घरात सात घड्याळं झाली," आजीबाई हसत सांगतात. "एकाचा टोला दुसऱ्याशी जुळेना. आई वैतागली. मग एका शर्यतीत दुसरं बक्षीस ही किटली आहे असं कळलं, आणि बाबा पहिले असताना शेवटच्या वळणावर बुटाची नाडी बांधायला बसले."

गेल्या शनिवारी मी चक्क तिघांना मागे टाकलं. ऐटीत बाकापाशी जाऊन कप पुढे केला. त्यांनी किटलीवर हात ठेवला. "हा चहा शेवटी येणाऱ्याचा, लव्ह."

आज शेवटच्या वळणावर माझ्या मागे एकच गृहस्थ उरले होते. मी खाली बसले आणि चांगली घट्ट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.