सतरावी करवंटी

लिओनिलाच्या घरात प्रशिक्षणाच्या बारा पिशव्या होत्या. प्रत्येक शिबिरात एक मिळते. वर काहीतरी उत्साही वाक्य छापलेलं, आत वही, पेन आणि मार्गदर्शक पुस्तिका. पुस्तिका ती फळीवर रचून ठेवी आणि पिशव्यांत तिची सासू बासिलिया सुकी मासळी भरी. ती वाक्यं सुचणाऱ्या शहरी साहेबांनी त्यातली एखादी पिशवी एकदा तरी हुंगून बघायला हवी होती.

पण लिओनिला शिकली होती खरं. समार या मोठ्या बेटाजवळच्या त्या लहानशा बेटावर तिनं नऊ वर्षं एका मदत संस्थेचं काम केलं. हातपंपाचा वायसर बदलणं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, भांडखोर बायकांची सभा शेवटपर्यंत नेणं, सगळं तिला जमायचं. त्यातही नकाशा करावा तर तिनंच. चर्चच्या अंगणात राखेनं किनारा आखायचा, वाटा आखायच्या आणि दर घरामागे एक नारळाची करवंटी उताणी ठेवायची. मग घरच्या माणसानं येऊन आपल्या करवंटीत आधी घराचा दाणा टाकायचा. नवरा-बायको असतील तर मका, विधवेचं घर असेल तर चिंचोका. त्यावर मग म्हाताऱ्या माणसाचा मूग, तान्ह्या पोराचा तांदूळ. दाणा नाही म्हणजे घर ओस, करवंटी पालथी. आणि एक नियम ती प्रत्येक शिबिरात बजावायची, की दुसऱ्याच्या करवंटीत हात घालायचा नाही. ज्याचं घर त्याचाच दाणा.

या नकाशावरून यादी व्हायची. यादी बारांगायच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, कचेरीत लागायची. वादळाचा इशारा आला की गावातले गडी ती यादी घेऊन निघत आणि न चालणाऱ्या म्हाताऱ्यांना उचलून शाळेत नेत.

तीन वर्षांपूर्वी लिओनिलाचा नवरा क्रिस्पुलो होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडीच्या कडेला बांधलेला बांबूचा एक आधार तेवढा सापडला. प्रेत नाही, म्हणून चर्चमध्ये मिस्सा नाही, मेणबत्ती नाही. दोघी बायका त्याच्याबद्दल बोलत नसत. लिओनिलाला वाटे, मेला म्हटलं तर नानाय खचेल. सासूला ती नानाय म्हणायची. तेव्हापासून नकाशात तिच्या घराची करवंटी उताणी आणि रिकामीच राही. तिनं मका टाकला नाही, चिंचोकाही टाकला नाही. गावकरी दुसरीकडे बघत. नानायचे गुडघे गेलेले, तिचा मूगही मग कधी पडला नाही. गेल्या वादळात गडी यादीप्रमाणे घरोघर फिरले आणि यांच्या दारावरून पुढे गेले. लिओनिलानं नानायला पाठुंगळी घेतलं, कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत आणलं आणि कुणाला चकार शब्द बोलली नाही. तिला रागसुद्धा आला नाही. आतून काही येणंच थांबलं होतं.

यंदा संस्थेनं तिच्याकडे शेजारच्या बेटावरच्या सहा कार्यकर्त्या शिकायला पाठवल्या. वादळाचे दिवस तोंडावर होते, म्हणून शिकाऊ बायकांनी केलेली यादीच कचेरीत जायची होती. त्यांच्यात एस्तेलिता म्हणून पाच पोरांची आई होती, हाताला वाऱ्यासारखा वेग. गावातली माणसं आली, दाणे टाकून कडेला थांबली. नानायला लिओनिलानं सावलीत बाकावर बसवलं होतं, घरी एकटी नको म्हणून. एस्तेलिता करवंट्या मोजत निघाली. सतरावीपाशी थांबली, आत पाहिलं आणि करवंटी पालथी घातली.

"हे घर ओस आहे ना, मानांग?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तिनं लिओनिलाला विचारलं.

तिनं शिकवल्याप्रमाणेच केलं होतं, यात तिची काही चूक नव्हती. लिओनिला त्या पालथ्या करवंटीकडे बघत राहिली. हो म्हणावं आणि पुढे जावं, असंच तिच्या मनात होतं. ओठ हललेही होते.

तेवढ्यात बाकाचा आवाज झाला. नानाय काठी टेकत उठली होती. दहा पावलांना तिला बराच वेळ लागला. तिनं वाकून करवंटी उताणी केली, दाण्यांच्या टोपलीतून एक चिंचोका घेतला आणि आत टाकला.

"हा माझा," ती एस्तेलिताला म्हणाली. "माझा म्हातारा जाऊन तीस वर्षं झाली. मी राहते बाई इथं. भूत नाही मी."

कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. नानायनं टोपलीतून आणखी एक चिंचोका उचलला आणि तळहातावर धरून ठेवला.

"हा तुझा. मला टाकता येत नाही, तूच तसा नियम केलायस."

"नानाय, राहू दे."

"माझा लेक गेला, पोरी. मला पहिल्या आठवड्यातच कळलं. तू कधी म्हणतेस म्हणून थांबले होते. किती थांबू आता?"

लिओनिलानं चिंचोका घेतला. म्हातारीच्या हातात राहून तो कोमट झाला होता. तिला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं, तिलाही वाटलं. आलं नाही. तिनं तो करवंटीत टाकला, आवाज अगदी बारीक झाला. मग तिनं मुगाच्या वाटीतला एक दाणा नानायच्या हातावर ठेवला आणि तो नानायनं टाकला.

"लिहून घे," लिओनिला एस्तेलिताला म्हणाली. शिबिरात बोलायची तशाच सपाट आवाजात. "घर सतरावं. विधवा दोन. एकीला चालता येत नाही, उचलून न्यावं लागेल."

एस्तेलितानं लिहून घेतलं.