नातीची झोप आणि माझा भीमपलास

तान्ह्या मुलांना कोणते संगीत ऐकवावे, याविषयी हल्ली सर्वांना सर्व काही माहीत असते. माझा मुलगा त्यांपैकीच एक. लहानपणी त्याला मी रोज संध्याकाळी समोर बसवून गाणे ऐकवले. परिणाम असा, की आज तो कानांत बोंडे खुपसून शेअरबाजारावरची भाषणे ऐकतो. मुलगी झाल्यावर त्याने फोनवर एक ॲप घेतले. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी म्हणून त्यातून जो आवाज येई, तो आमच्या मिक्सरमधून विनामूल्य येतो. कोणीतरी भेट दिलेला एक प्लॅस्टिकचा हत्तीही होता. तो इंग्रजी मुळाक्षरे गाई. गायनात सोंडेचा इतका पुरेपूर उपयोग करणारा दुसरा कलावंत मी ऐकलेला नाही.

नात या दोघांनाही दाद देत नसे. ती झोपे ती सुनेच्या आवडीच्या गाण्यांवर.

सून ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिला आवडते ते हळदीचे संगीत. लग्नाच्या आदल्या दिवशी दारात मांडव पडतो, बेंजोवाले येतात, ढोलकी आणि ताशे येतात आणि हे सर्व पुरेसे ऐकू जाणार नाही अशा भीतीने कपाटाएवढे स्पीकरही येतात. मुलाच्या लग्नात मी त्या मांडवात कानांत कापूस घालून बसलो होतो. व्याह्यांकडच्या मंडळींना माझे कान दुखत असावेत असे वाटले. एक मावशी वाटीतून कोमट तेल घेऊन आल्या आणि मी नको म्हणेपर्यंत त्यांनी ते घातलेही. त्या घरच्या अगत्याविषयी माझी तक्रार नाही.

पहिले बाळंतपण माहेरी झाले. त्यामुळे नात डोंबिवलीला आली ती आपले घराणे ठरवूनच. सून तिला मांडीवर घेई, फोनवर बेंजो लावी आणि "नीज गं माझी बाय" म्हणत पाय हलवी. ज्या गदारोळात मोठी माणसे उठून नाचतात, त्यात ही मुलगी मिटल्या मुठींनी झोपे. मी वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाई.

सून कोपरीला एका रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. रक्त आणि तत्सम नमुने तपासण्याचे हे काम तिला मनापासून आवडते. जेवताना ती त्याविषयी बोलू लागली की मला पान आवरते घ्यावे लागते. तिची रजा संपत आली होती. जवळचे पाळणाघर वर्षाच्या आतले मूल घेत नव्हते. पत्नीच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले. ती नातीला भरवू शके, खेळवू शके, पण झोळीपाशी बसून झोके देणे तिला जमत नसे.

मुलाने तोडगा काढला. "अजून काही महिने तू घरीच राहिलीस तर?" हे वाक्य उच्चारताना त्याला मुळीच श्रम पडले नाहीत, कारण घरी राहणारा तो नव्हता.

रजा वाढवली तर त्या जागी दुसरी मुलगी घेणार, असे प्रयोगशाळेतल्या साहेबांनी सुनेला आधीच बजावले होते. हे तिने नवऱ्याला नव्हे, सासूला सांगितले.

"दुपारची मी झोपवतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" पत्नी म्हणाली. "तसा अनुभव आहे म्हणा. वर्गातली मुलं झोपायचीच की तुमच्या गणिताच्या तासाला."

रजेचा शेवटचा आठवडा तालमीसाठी ठरला. सुनेने आतल्या खोलीत दार लावून बसायचे आणि काही झाले तरी बाहेर यायचे नाही. बाहेरच्या खोलीत झोळी, झोळीची दोरी माझ्या हातात आणि संगीताची निवड माझी. ही शेवटची अट मी घातली होती. मी म्हणालो होतो, की मुलीच्या कानांवर अजूनही संस्कार होऊ शकतात. माझ्या मुलाने हे वाक्य ऐकून माझ्याकडे जरा निरखून पाहिले होते.

दुपारची वेळ, तेव्हा भीमपलास. सकाळचा राग दुपारी लावणारी माणसे आमच्या पिढीत दारात उभी करत नसत. मी ख्याल लावला, अतिविलंबित. नात आलापीत गप्प झाली. तिचे डोळे जड झाले. गवई एकेक स्वर असा काही मांडत होता, की मला आतल्या दाराकडे पाहून विजयाने हसावेसे वाटले. मी हसलो नाही. मी क्वचितच हसतो.

आणि सम आली.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तालाचे चक्र जिथून सुरू होते ती सम. गवई लांबच्या वाटेने फिरून नेमका तिथे येऊन पोहोचला, की जाणत्या श्रोत्याने त्याची पोच द्यायची असते. हे शिष्टाचार नव्हेत, हे शरीरात मुरलेले असते. माझ्या तोंडून "आहा" निघाले आणि हात मांडीवर पडला. त्या हातात दोरी होती.

झोळीला बसलेल्या हिसक्याचे वर्णन मी करत नाही. ते नातीने स्वतःच, तार सप्तकात, केले.

"पोचली हो तुमची दाद," पत्नी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दोरी डाव्या हातात घेतली, उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि ओठ मिटून बसलो. काही आवर्तने निभावली. मग गवयाने एक अशी तान घेतली, की ती समेवर येईल यावर माझा विश्वास नव्हता. ती आली. ओठ मिटलेलेच होते, पण घशातून जो हुंकार निघाला त्याने खिडकीतले कबूतर उडाले. नात उठली.

"सुपारी धरा तोंडात," पत्नीने सुचवले. "नाहीतर बाहेर जाऊन ऐका. ती झोपली की तुम्हाला बोलावते."

तिसऱ्या दिवशी मी बुद्धी वापरली. ज्याच्या गाण्याला मी उभ्या आयुष्यात दाद दिली नव्हती, देण्याचा प्रश्नच नव्हता, अशा एका गवयाची ध्वनिफीत निवडली. तो अपेक्षेप्रमाणे सुमार गायला. परंतु तो दर वेळी समेला उशिरा पोहोचे, आणि दर वेळी माझ्या तोंडून "च्च्" बाहेर पडे. नाराजीही इतकी मोठ्याने व्यक्त होते, हे मला ठाऊक नव्हते. पत्नी म्हणाली की घरातल्या इतर सर्वांना ते ठाऊक होते.

नात रडत राहिली. मी ख्याल बंद केला, झोके वाढवले, हत्तीसुद्धा लावून पाहिला. शेवटी आतले दार उघडले. सुनेने मुलीला झोळीतून उचलले आणि खांद्यावर घेतले. तिच्या मागे, उघड्या दाराच्या खुंटीवर तिचा पांढरा कोट दिसत होता. तो तिने सकाळीच इस्त्री करून टांगला होता.

"बाबा, राहू दे," ती म्हणाली. "मी साहेबांना सांगते की जमत नाही म्हणून."

आवाजात राग नव्हता. असता तर मी वाद घातला असता.

"तुझं ते लाव," मी म्हणालो.

"काय?"

"बेंजो."

तिने माझ्याकडे पाहिले. "तुम्हाला चालेल?"

"चालण्याचा प्रश्न नाही. मला त्यातलं काही कळत नाही. म्हणूनच लाव."

तिने फोनला हात घातला. मी तिला थांबवले आणि माझ्या मोठ्या स्पीकरांकडे बोट दाखवले. करायचेच तर नीट करावे. त्या स्पीकरांतून तोवर ख्यालाखेरीज काही गेले नव्हते. आता त्यांतून आख्खा मांडव बाहेर पडला. सुनेने मुलीला झोळीत ठेवले आणि आत जाऊन दार लावून घेतले.

मी दोरी धरून बसलो. बेंजो किंचाळत होता, ताशे कडाडत होते, कोणी तरी नवरीला हळद लावायला बायकांना बोलावत होते. मला दाद द्यावीशी वाटली नाही. नाक मुरडावेसेही वाटले नाही, कारण कुठे चुकले हे कळायलासुद्धा काहीतरी कळावे लागते. मी एखाद्या खांबासारखा स्वस्थ होतो आणि हात फक्त झोके देत होता. नात हुंदके देत देत थांबली आणि झोपली. माझ्या अज्ञानाचा घराला उपयोग झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरचे आमचे स्नेही. आम्ही दोघांनी मिळून अनेक मैफली ऐकल्या आणि त्याहून अधिक गवयांना नावे ठेवली. ते उंबरठ्यावर उभे राहून आत पाहत होते.

"कोणाची हळद?" त्यांनी कुजबुजत विचारले. एवढ्या आवाजात कुजबुजण्याची गरज नव्हती, पण धक्क्याने त्यांचा सूर बसला असावा.

"हळद नाही. नातीची झोप आहे."

"आणि आपला भीमपलास?"

"तो तिला झोपू देत नाही."

"भीमपलास?"

"मी," मी म्हणालो आणि दार लोटले. ते कित्येक दिवस संध्याकाळी फिरायला आले नाहीत. आमच्याविषयी ठाकुर्लीपर्यंत बातमी पसरली असणार. हरकत नाही.

उरलेले दिवस नात रोज झोपली. सोमवारी सुनेने पांढरा कोट पिशवीत घातला, मुलीची पापी घेतली, परत आली, पुन्हा घेतली आणि गेली. "एवढं काय," असे मी म्हणालो. पत्नीने डोळे वटारले.

दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, माझा फोन वाजला. मी गॅलरीत जाऊन घेतला.

"झोपली?" सुनेने विचारले.

"झोपली."

"खरं सांगताय ना बाबा? मागून आवाज येतोय."

"तो तुझ्या ताशांचा. कमी केला की जागी होते."

तिच्या मागे काचेच्या नळ्यांची किणकिण आणि कोणाची तरी हाक ऐकू आली.

"रडली का मी गेल्यावर?"

"रडली."

"खूप?"

"तू आत असताना रडायची त्यापेक्षा कमी." हे खोटे होते. मी गणिताचा शिक्षक होतो; अधिक आणि कमी यांतला फरक मला कळतो. "तू जेवलीस का?"

"जेवते आता."

"मग जेव. आणि काम कर. फोन कसले करत बसतेस."

"बरं," ती म्हणाली. ती हसली असावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन जवळ घेऊनच बसलो होतो. नात झोपली, ताशे वाजत राहिले, जेवणाच्या सुट्टीची वेळ टळून गेली. फोन आला नाही. ती कामात होती.